ठाण्यातलं फुटेज: मागण्याआधी ते जिवंत ठेवायचं कसं

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत होती आणि चौकात दोन गटांची बाचाबाची झाली. माझ्या चुलतभावाच्या पोराला रात्री साडेनऊला ठाण्यात नेलं आणि सकाळी सहाला सोडलं. गुन्हा नाही, अटक नाही, कागदावर त्याचं नावसुद्धा नाही. डाव्या कानाने त्याला अजून नीट ऐकू येत नाही.

मी तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस. माहिती अधिकार मला तोंडपाठ. थोड्या ऐटीतच बाराव्या दिवशी अर्ज टाकला: त्या रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज द्या. तीस दिवसांची मुदत संपायला एक दिवस असताना उत्तर आलं. "डीव्हीआरची साठवण क्षमता १५ दिवसांची असल्याने सदर कालावधीचे फुटेज आपोआप नष्ट झाले आहे. सबब माहिती निरंक."

डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा. म्हणजे मी अर्ज दिला त्या दिवशी ते फुटेज ठाण्यातल्या डब्यात होतं. पुढे आणखी तीन दिवस होतं. मी ते मागितलं, पण जपून ठेवा असं कुठेच लिहिलं नाही. तेव्हापासून माझ्याकडे कोणी या कामासाठी आलं, की माहिती अधिकाराचा कागद मी दुसऱ्या नंबरला काढतो. पहिला कागद वेगळाच असतो. तो कोणता, कधी द्यायचा आणि त्यानंतर काय काय करायचं, ते इथे लिहितो.

आधी डब्याचा हिशोब समजून घ्या

शहरात पोलिसांच्या छातीवर बॉडी कॅमेरा दिसू लागला आहे. आपल्या विदर्भातल्या तालुक्यांत तो क्वचितच दिसतो. आपल्याकडे ते काम ठाण्याच्या भिंतीवरचा सीसीटीव्ही करतो, आणि छापा पडला तर जमादाराच्या हातातला मोबाइल.

भिंतीवरच्या कॅमेऱ्याबद्दलचा कायदा तसा पक्का आहे. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजीत सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिला: प्रत्येक ठाण्यात आत-बाहेर जाण्याच्या सगळ्या जागा, मुख्य फाटक, सगळ्या कोठड्या, व्हरांडा, स्वागतकक्ष, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू, इतकंच काय शौचालयाच्या बाहेरची जागासुद्धा कॅमेऱ्यात आली पाहिजे. अंधारातही दिसलं पाहिजे आणि चित्राबरोबर आवाजही टिपला गेला पाहिजे. साठवण १८ महिन्यांची. तेवढी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तर मिळेल तितकी जास्त, पण एक वर्षाच्या खाली नाही. वीज किंवा इंटरनेट नसेल तर सौर ऊर्जेवर चालवा, इथपर्यंत त्या आदेशात लिहिलेलं आहे.

आता गणित करू. बऱ्यापैकी चित्र देणारा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट धरला, तर दिवसाला साधारण २१ जीबी खातो. दहा कॅमेऱ्यांचे दिवसाला २१० जीबी. डब्यात चार टीबीची डिस्क असेल तर ती अठरा-एकोणीस दिवसांत भरते, आणि मग सगळ्यात जुन्या दिवसावर नवा दिवस लिहिला जातो. १८ महिने साठवायचे तर शंभर टीबीच्या वर जागा लागते. तालुक्याच्या ठाण्यात टेबलाखाली धूळ खात पडलेल्या डब्यात एवढी जागा नसते.

माहिती अधिकाराची मुदत ३० दिवसांची आणि डिस्क अठरा दिवसांची. कोणी काहीच केलं नाही तरी तुमचा अर्ज हरतो. मुद्दाम नकार द्यायची गरजच पडत नाही.

देत का नाहीत, हे ओळखलं तर पत्र नीट लिहिता येतं

लोक म्हणतात, मारलं म्हणून लपवतात. कधी कधी तेच खरं असतं. पण इतकी वर्षं ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्यावर मला वाटतं, कारणं त्याहून जास्त आणि बरीचशी साधी आहेत.

एक तर कॅमेरा तुमच्या एकट्याकडे पाहत नसतो. त्या रात्री रेतीचा ट्रॅक्टर सोडवायला कोण आलं, मांडवलीला कोणता पुढारी बसला, कोणाला खुर्ची मिळाली आणि कोणाला फरशी, हे सगळं त्याच चित्रात असतं. तुम्ही तीन तासांचं फुटेज मागता तेव्हा ठाणेदाराला तुमच्या प्रकरणापेक्षा त्या तीन तासांतल्या बाकीच्या गोष्टींची धास्ती जास्त असते.

दुसरं, कॅमेरा बंद असेल तर ते कबूल करणं नकारापेक्षा महाग पडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच आदेशाने कॅमेरे चालू ठेवण्याची, देखभालीची आणि रेकॉर्डिंगची जबाबदारी थेट ठाणेदारावर टाकली आहे. बिघाड झाला तर त्याने जिल्हा देखरेख समितीला ताबडतोब कळवायचं असतं. "बंद होता" असं लिहून दिलं, की लगेच पुढचा प्रश्न येतो: मग कळवलंत का? त्यापेक्षा "तपास सुरू आहे" हे तीन शब्द स्वस्त पडतात.

तिसरं कारण ऐकून हसू येतं, पण ते खरं आहे. फुटेज काढता येत नाही. एका जमादाराने मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "अरे बावा, तो डब्बा बसोणारा नागपूरचा. पासवर्ड त्याले माहीत, मले काहून इचारतं?" डबा ज्याने बसवला तो कंत्राटदार देखभालीचं कंत्राट संपल्यावर फोन उचलत नाही. अशा ठाण्याकडे तुम्ही फुटेज मागता तेव्हा त्यांच्या दृष्टीने तुम्ही चंद्र मागत असता.

चौथं म्हणजे व्हॉट्सअॅप. फुटेज बाहेर गेलं की संध्याकाळपर्यंत चाळीस गटांत फिरणार आणि वरून विचारणा होणार, हे प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत आहे.

ही खोड फक्त आपल्याकडचीच नाही. शिकागोत २० ऑक्टोबर २०१४ रोजी एका पोलिसाने १७ वर्षांच्या मुलाला सोळा गोळ्या घातल्या. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात ते टिपलं गेलं होतं. शहर प्रशासनाने त्या कुटुंबाला ५० लाख डॉलर भरपाई दिली, पण चित्रफीत दिली नाही. कारण काय, तर तपास सुरू आहे. एका पत्रकाराने कोर्टात दाद मागितली, न्यायाधीशांनी आदेश दिला आणि २४ नोव्हेंबर २०१५ रोजी, तेरा महिन्यांनी, ती चित्रफीत बाहेर आली. त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला तोही त्याच दिवशी.

नकाराची खरी कारणंही असतात, ती नाकारण्यात अर्थ नाही. त्याच व्हरांड्यात अत्याचाराची तक्रार द्यायला आलेली बाई बसलेली असू शकते, एखादं अल्पवयीन पोर असू शकतं. गडचिरोलीतल्या सशस्त्र पोलीस मदत केंद्राचं फुटेज मागाल, तर बंदुकीचे मोर्चे कुठे, पहारा कुठे बदलतो, खबर द्यायला कोण येतं, हे सगळं उघडं पडेल. तिथे प्रत मागण्याचा हट्ट धरू नका. न्यायाधीशांनी किंवा मानवी हक्क आयोगाने ते पाहावं, अशी मागणी करा.

ठाण्यात कॅमेरा असणं म्हणजे काय, हे विदर्भाला वेगळं समजावून सांगायला नको. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असं म्हणून १९७८ मध्ये ते दोघे सुटले. त्यावरून देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या रात्री ठाण्यात काय झालं, ते सांगायला तिच्या शब्दांशिवाय काही नव्हतं.

पहिले तीन दिवस

सगळ्यात आधी दवाखाना. ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासणी करून घ्या आणि मार कोणी, कुठे दिला हे डॉक्टरांना नोंदवायला सांगा. "पडलो" असं लिहू देऊ नका.

त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, एका कोऱ्या कागदावर नकाशा काढा. फाटकातून आत नेलं तेव्हा किती वाजले होते, कुठे बसवलं, कोणत्या खोलीत नेलं, भिंतीवर कॅमेरा दिसला का, समोर कोण कोण होतं. वेळ अंदाजे असली तरी चालेल. डब्याचं घड्याळ बऱ्याचदा वीस-पंचवीस मिनिटं पुढे-मागे असतं, म्हणून मागणी करताना दोन्ही बाजूंना अर्धा-एक तास जास्तच धरायचा.

माणूस अजून कोठडीत असेल तर चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. तिथे तोंड उघडायचं. "मला मारलं, आणि ठाण्यातलं फुटेज जपून ठेवायचा आदेश द्या," एवढी दोन वाक्यं त्याने स्वतः म्हणायची किंवा वकिलाने म्हणायची, आणि ती आदेशपत्रात आली का ते पाहायचं. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समिती मोफत देते. हेल्पलाइन १५१०० आहे. पुढच्या सगळ्या कागदांपेक्षा या दोन वाक्यांत जास्त जोर आहे, पण भीतीपोटी बहुतेक जण तिथे गप्प राहतात. त्यांना दोषही देता येत नाही. मागे उभा असलेला शिपाई तोच असतो.

पहिला कागद: जतनाचं पत्र

हा माहिती अधिकाराचा अर्ज नाही. याला फी नाही, नमुना नाही, तीस दिवसांची वाट नाही. साधं पत्र, ठाणेदाराच्या नावाने. मी साधारण असं लिहितो:

"प्रति, ठाणेदार, पोलीस स्टेशन अमुक. विषय: दिनांक अमुक रात्री ८ ते दिनांक अमुक सकाळी ७ या वेळेतील सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करणेबाबत. महोदय, वरील वेळेत मला (माझ्या पुतण्याला) आपल्या ठाण्यात बसवून ठेवण्यात आले होते व तेथे मारहाण झाली. या वेळेचे फाटक, व्हरांडा, ठाणे अंमलदार कक्ष, निरीक्षक कक्ष व कोठडीबाहेरील सर्व कॅमेऱ्यांचे आवाजासह मूळ चित्रीकरण वेगळ्या डिस्कवर काढून मोहोरबंद करून ठेवावे. माननीय सर्वोच्च न्यायालयाच्या दि. २ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार हे चित्रीकरण सुरक्षित करून घेण्याचा मला हक्क आहे. या पत्रानंतर ते नष्ट झाल्यास त्याची जबाबदारी आपली राहील."

हा हक्क हवेतला नाही. प्रत्येक ठाण्यात कॅमेऱ्यांबाबतचा मोठा फलक लावायचा, असं तोच आदेश सांगतो. मानवी हक्कांचा भंग झाला तर कुठे तक्रार करायची, फुटेज किमान सहा महिने ठेवलं जातं आणि पीडिताला ते सुरक्षित करून घेण्याचा अधिकार आहे, हे त्या फलकावर लोकांच्या भाषेत लिहिलेलं असायला हवं. तुमच्या ठाण्यात तो फलक आहे का, तेवढं जाता-येता पाहून ठेवा. नसेल तर पत्रात तेही एका ओळीत टाका.

पत्राच्या खाली प्रतिलिपी म्हणून तिघांची नावं लिहा: पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद अध्यक्ष. हे तिघे उगाच नाहीत. जिल्हा देखरेख समितीत विभागीय आयुक्तांबरोबर हेच बसतात. कॅमेरे चालू आहेत का ते पाहणं आणि कोणी तक्रार न केलेला अन्यायही फुटेज तपासून शोधणं, हे या समितीचं काम आहे. झेडपीच्या एखाद्या सदस्याला हे सांगून पाहा, बहुतेकदा त्याला हे पहिल्यांदाच कळत असतं. झेडपीवर प्रशासक असेल तर प्रत त्याला पाठवा.

पोच. याच्याशिवाय वरचं सगळं वाया. आवक टेबलावरचा शिपाई म्हणेल, "साहेब आल्यावर देतो." नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही मिळाल्याशिवाय उठायचं नाही. नाहीच दिली तर त्याच दिवशी तालुक्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सोबत अधीक्षक कार्यालयाच्या ईमेलवरही टाका. हे सगळं घटनेपासून तिसऱ्या दिवसाच्या आत. पाचवा दिवस म्हणजे उशीर.

दुसरा कागद: माहिती अधिकार

जतनाच्या पत्राची पोच हातात आली की दुसऱ्या दिवशी हा. नमुना जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. राज्य सरकारच्या संकेतस्थळावरूनही अर्ज जातो, पण त्यात ठाणं सापडलं नाही तर वेळ घालवू नका, कागदावर द्या.

२०१२ पासून आपल्या राज्यात अर्ज साधारण दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा, असा नियम आहे. त्यामुळे दोन अर्ज करा. पहिल्यात फक्त फुटेज: तारीख, वेळ, कॅमेऱ्यांच्या जागा, "मूळ स्वरूपातील इलेक्ट्रॉनिक प्रत" आणि "प्रत देण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणीची संधी". पाहणी कायद्यात बसते आणि अधिकाऱ्यालाही जड जात नाही.

दुसऱ्या अर्जात कागद मागा. ठाण्यात किती कॅमेरे आहेत त्याची यादी, डीव्हीआरची साठवण किती दिवसांची याची नोंद, गेल्या वर्षभरात बिघाडाबद्दल जिल्हा समितीला पाठवलेली पत्रं, देखभालीच्या कंत्राटाची प्रत, आणि जतनाच्या पत्रावर काय कारवाई झाली त्याची टिपणी. हा दुसरा अर्ज म्हणजे सापळ्याची दुसरी पट्टी. पहिल्याला "कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं, तर दुसऱ्यात बिघाडाचं पत्र निघालं पाहिजे. निघालं नाही, तर दोनपैकी एक उत्तर खोटं आहे आणि दोन्हींवर त्याच अधिकाऱ्याची सही आहे.

"का मारलं", "कॅमेरा का बंद होता" असे प्रश्न अर्जात लिहू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. 'का' असा शब्द दिसला की अर्ज फेटाळायला आयतं निमित्त होतं.

माणूस कोठडीत असेल तर अर्जावर ठळक लिहा: "जीवित व स्वातंत्र्याशी संबंधित, ४८ तासांत". नुसतं लिहून भागत नाही, कारणही एका ओळीत द्यावं लागतं.

उत्तर आलं. आता ते वाचायचं कसं?

"तपास सुरू असल्याने कलम ८(१)(एच) अन्वये देता येत नाही." हे सगळ्यात जास्त येणारं उत्तर. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात सांगितलं आहे की नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. पोराला उचललं त्याचा गुन्हाच नोंदला नसेल, तर तपास कसला सुरू आहे, हा प्रश्न अपिलात सरळ विचारा. माझ्या अनुभवात हा एकच प्रश्न पाच कलमांपेक्षा जास्त काम करतो.

"वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(जे)." हे उत्तर आता वाढणार. डेटा संरक्षण कायद्याने या कलमातली पूर्वीची सूट-सवलतीची भाषा काढून टाकली आहे आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. आधी त्याच कलमात सार्वजनिक हिताचा दरवाजा होता, तो तिथून गेला. पण कलम ८(२) जागेवर आहे: हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. शिवाय कलम १० म्हणतं, जो भाग देता येत नाही तो झाकून बाकीचा द्या. म्हणून अर्जातच लिहायचं: "इतर व्यक्तींचे, विशेषतः महिला व बालकांचे चेहरे झाकून दिल्यास माझी हरकत नाही." आणि चित्रातला माणूस तुम्हीच असाल तर तुमचीच माहिती तुमच्यापासून लपवण्यात कोणाची गोपनीयता जपली जाते, तेही विचारा.

"गोपनीय जागा, चित्रीकरणास मनाई." हे उत्तर लेखी कमी आणि तोंडी जास्त येतं. वर्ध्याच्या ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून एका माणसावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा लावला होता. नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला, कारण पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. हा निकाल आपल्याच विदर्भातला आहे, त्याची प्रत खिशात ठेवण्यासारखी आहे. म्हणून ठाण्यात जाऊन ठाणेदाराच्या तोंडासमोर मोबाइल धरा असं मी म्हणत नाही. गुपिते कायद्याची भीती घालून फुटेज अडवत असतील तर त्याला हे उत्तर आहे, एवढंच.

"उपलब्ध नाही, आपोआप पुसलं." इथे जतनाच्या पत्राची पोच कामाला येते. माहिती मागितल्यावर ती नष्ट करणं माहिती अधिकाराच्या कलम २० खाली दंडाला पात्र आहे: दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००. तुमचं पत्र तिसऱ्या दिवशी पोचलं, डबा अठरा दिवसांचा, आणि तरी पुसलं गेलं, तर ते आपोआप झालं असं कोणी मानणार नाही. माझ्या पुतण्याच्या प्रकरणात माझ्याकडे पोच होती फक्त बाराव्या दिवसाच्या अर्जाची. अपिलीय अधिकाऱ्यांनी ती बाजूला सारली, आणि मी भांडत राहिलो तरी फुटेज काही परत येणार नव्हतं.

अपील

ठाण्याच्या उत्तरावर पहिलं अपील साधारणपणे उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे जातं. नाव आणि पद ठाण्याच्या माहिती अधिकार फलकावर लिहिलेलं असतं. मुदत ३० दिवस, फी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नमुना जोडपत्र 'ब'. दुसरं अपील ९० दिवसांत, जोडपत्र 'क'. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीमकरांचं राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचं नागपूर खंडपीठात. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने अधिकाऱ्यावर टाकला आहे, पण आयोगाची तारीख लागायला इतका वेळ जातो की तोवर डबाच भंगारात गेलेला असतो. म्हणून दुसरं अपील करायचं ते नोंद राहावी म्हणून. फुटेज हाती लागेल ते बहुधा दुसऱ्याच वाटेने.

दुसरी वाट: न्यायालय आणि आयोग

गंभीर इजा असेल किंवा कोठडीत मृत्यू झाला असेल तर माहिती अधिकाराची वाट बघू नका. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करा, तिला फी नाही. घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे, पण पहिल्या आठवड्यातच करा, कारण अशा प्रसंगी फुटेज लगेच मागवून सुरक्षित ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला दिली आहे. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात तेवढंच मागा, बाकीची कहाणी नंतर.

प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज करून फुटेज हजर करण्याचा आदेश मागता येतो. आरोपीला आपल्या बचावासाठी हे विशेष उपयोगी पडतं: 'मी त्या वेळी ठाण्यातच होतो' हे दाखवणारा तो एकच पुरावा असू शकतो.

छाप्याचा व्हिडिओ

१ जुलै २०२४ पासून घरझडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक आहे, संहितेचं कलम १०५. मोबाइलवर चालतं, आणि ते चित्रीकरण विलंब न लावता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत, जिथे मोहाच्या एका डबकीवरून घर उलथंपालथं होतं आणि पंच दरवेळी तेच दोघे असतात, तिथे हा नियम सोन्यासारखा आहे. झडती सुरू होताच विचारा: "व्हिडिओ सुरू आहे का?" हा प्रश्न व्हिडिओत आला की पुढे सगळे जरा जपून बोलतात. नंतर ठाण्याच्या मागे लागू नका, वकिलामार्फत कोर्टातून नक्कल मागा. दोषारोपपत्र दाखल झालं की आरोपीला कागदपत्रांच्या प्रती द्याव्याच लागतात. चित्रीकरण त्यात नसेल तर ते कुठे आहे, हे कोर्टात विचारायचा दिवस तोच.

फुटेज हातात आलं, तर

ठाण्यातून पेन ड्राइव्ह मिळाला तर तो लावून लगेच भावाबंदांना दाखवू नका. फाइलचं नाव बदलू नका, व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि मूळ प्रतीची किंमत जाते. पेन ड्राइव्ह लिफाफ्यात बंद करा, वर तारीख आणि कोणाकडून मिळाला ते लिहा. पाहायला दुसरी प्रत काढा, तीही एखाद्या जाणकाराकडून.

कोर्टात उभं राहायचं तर सोबत नव्या पुरावा कायद्याच्या (साक्ष्य अधिनियमाच्या) कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं: कोणत्या यंत्रातून काढलं, कोणी काढलं, फाइलचा हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी आकडे-अक्षरांची ओळखखूण) काय. ते ठाण्यानेच द्यायचं असतं आणि ते द्यायला टाळाटाळ होते. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात नेमकं हेच घडलं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण मिळालं, प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळेना. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र आवश्यक आहेच, पण पक्षकाराने शक्य ते सगळं केलं आणि अधिकारी देतच नसेल तर त्याला अडकवता येणार नाही. म्हणून फुटेजची पोच देतानाच, त्याच टेबलावर, प्रमाणपत्राची लेखी मागणी करा आणि तिचीही पोच घ्या.

चित्रात दुसऱ्या कोणत्या पीडित बाईचा किंवा लेकराचा चेहरा असेल तर तो भाग कोणालाही दाखवू नका. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि तो गुन्हा तुमच्यावर लागेल, ठाण्यावर नाही. असा भाग असेल तर लिफाफा न फोडता वकिलाकडे द्या, आणि न्यायाधीशांनी बंद खोलीत पाहावा असा अर्ज त्याच्याबरोबर जोडा.